उकंडरावांच्या हॉलची भिंत

५ नोव्हेंबर, सकाळ
उकंडरावांनी नव्या हॉलची मोठी भिंत रंगवायला मला बोलावले. म्हणाले, साखरपुड्याच्या आत उरका. कोणाशी, ते बोलले नाहीत. घरात मुलगी एकच, सुचिता. मोठी माणसे अशा गोष्टी तोंडाने सांगत नाहीत. मुलाला काम देऊन पारखतात. घाबरायचे नाही, असे ठरवले.

संध्याकाळ
मोर, धबधबा काढणार नाही. महायुद्धानंतरच्या चित्रकारांचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यांनी माणसे, झाडे काढणे सोडले. रंगात वाळू कालवली, फाटकी पोती डकवली, थरावर थर चढवून ते ओरबाडले. रंग नुसता दिसून उपयोग नाही, अंगावर आला पाहिजे. आर्टचा डिप्लोमा मी पहिल्याच वर्षी सोडला. तिथे हे शिकवलेच नसते.

६ नोव्हेंबर
डिस्टेंपरमध्ये वाळू आणि तुरीचे कुटार, म्हणजे मळणीचा भुसा. वर पोत्याचे तुकडे. बाबांनी वांग्यांची पोती का फाडली म्हणून विचारले. मी युद्धानंतरची परिस्थिती समजावली.
"लढाई झाली त्याईची, पोतं गेलं माह्यं," म्हणाले.
कलेला घरातून विरोध होतोच.

८ नोव्हेंबर
वर काळा, खाली विटकरी. खुरप्याने रेघा ओढल्या. खुरपे दोनदा घसरले. रेघांना त्याचा फायदा झाला. सुचिता चहा घेऊन आली. भिंतीला बोट लावले, कुटार टोचले, मागे सरली. टेक्स्चरचा परिणाम.
"दिनेशभाऊ, वाळल्यावरबी असंच राहीन काय हे?"
कायम असेच राहावे, ही तिची इच्छा स्पष्ट आहे. 'भाऊ' म्हणाली, पण तिची आई आतच होती.

९ नोव्हेंबर
उकंडरावांनी विचारले, अस्तर झाले, आता चित्र कधी? मी म्हणालो, उद्या लक्षात येईल. खोटे नाही, अशी चित्रे हळूहळूच उमगतात. त्यातच मित्र मुकेश येऊन म्हणाला, शुभकार्यात काळा रंग कोणी लावतो का? मी काळ्यावर ओली हळद शिंपडली. ही तडजोड नाही. तिथे पिवळा हवाच होता.

१० नोव्हेंबर, सकाळ
आज साखरपुडा. पांढऱ्या शर्टाला दोनदा इस्त्री केली. आईबाबांना काही सांगितले नाही. बोलावणे येईलच.

दुपार
बोलावणे आले नाही. गडबडीत राहिले असेल म्हणून स्वतःच गेलो. भिंतीसमोर जऊळका गावचे पाहुणे. मधल्या खुर्चीवर किशन नावाचा कोणी तरुण. माझ्यासाठी जागा धरून बसला असावा. तेवढ्यात त्याची आई भिंतीला टेकली. पदर पोत्यात अडकला. तिने ओढला. पोते, वाळू, कुटार सगळे पेढ्यांच्या ताटात. तिच्या पाठीवर हळद.
उकंडरावांनी मला अंगणात नेले. आवाज चढवला नाही.
"पोरीच्या साखरपुड्यासाठी भिंत रंगवायले सांगतली होती, बाप्पा. हे काय करून ठेवलं? मानाचे पाहुणे हायेत ते."
आत पाहिले. किशनच्या बोटात अंगठी होती. सुचिता त्याच्या शेजारी बसली होती.

१२ नोव्हेंबर
भिंत खरवडतो आहे. पोते निघते, काळा निघत नाही. सुचिताने लग्नाआधी साधा गुलाबी लावून मागितला. मी विचारले, फिकट की गडद?
"त्याईले फोन करून इचारतो, मंग सांगतो," म्हणाली आणि आत गेली.
ब्रश पाण्यात बुडवून बसलो आहे. अजून फोन चालू आहे.