राबाचा धूर मोजताना

आई, तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे मी काय नोकरी करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. आपल्या राज्यातून हवा तापवणारे वायू किती निघतात याची सरकार मोजणी करतं. वीज, गाड्या, कारखाने, गुरं, भातखाचरं, सगळं त्यात धरतात आणि मग कुठं काय कमी करता येईल ते ठरवतात. मी मावळातल्या शेतांची माहिती गोळा करते. हसू नकोस, धूर मोजायचाही पगार मिळतो!

तर झालं काय, आमच्या प्रश्नांत विचारलं होतं, पीक काढल्यावर शेतात काही जाळता का? कान्ह्यापासून पार वरच्या गावांपर्यंत सगळ्यांनी खुशाल सांगितलं, न्हाई. खोटं कुणीच बोललं नाही. राब काय पीक काढल्यावर भाजतात होय? तो भर उन्हाळ्यात, भाताचं रोप टाकायच्या आधी. कागदावर मावळ अगदी स्वच्छ, आणि माझ्या डोळ्यांपुढे तू. डोक्याला फडकं बांधून शेण, पालापाचोळा, पेंढा असे थर लावतेयस, वर बारीक माती पसरतेयस. मी घाईघाईनं काडी लावायला गेले तशी पाठीत धपाटा बसला. "आगं, वाऱ्याकडनं लावलीस तर भडकून जाईल की! उलटीकडनं लाव. जिमीन भाजाया पायजे, तण मराया पायजे." मग त्याच राखेत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या तू माझ्या हातावर ओतल्यास. बोटं चटकली, पण मी एकही खाली पडू दिली नाही.

मी साहेबांना म्हटलं, राबाचं विचारा. पुढच्या मोजणीत विचारलं, आणि मावळाचा धूर सरकारदरबारी पोचला. लगेच ठरलं की तो कमी करायचा, आणि राब न भाजता रोप येतं हे कुणीतरी आधी करून दाखवायचं. मी आपल्याच खाचराचं नाव दिलं. ते आता दादाची बायको कसते, तू तिला पाहिलीच नाहीस. केवढी तडकली वहिनी! "वन्सं, तुमचा पगार कुटं जात न्हाई. रोप न्हाई आलं तर आमी वरीसभर खायाचं काय?" तिचं तरी काय चुकलं?

शेवटी तिनं ऐकलं, पण माझ्यावर जीव आहे म्हणून, सरकारवर नाही. राब न भाजता माती उंच करून गादीवाफे केले, कुजलेलं शेणखत घातलं. आणि रोपाच्या आधी तणच वर आलं! वहिनी फतकल मारून एकेक काडी उपटायला लागली. मी रजा टाकून तिच्याशेजारी बसले. कंबरडं मोडलं, पण रोप आलं, हिरवंगार, लावणीला पुरून उरलं. वहिनी म्हणाली, "फुडल्या साली बी असंच करू. पर निंदाया तुमीच यायचं."

यंदाही वाफेच केले. फक्त कोपऱ्यातल्या सुपाएवढ्या जागेत मी तुझ्यासारखे थर लावले आणि उलटीकडनं काडी लावली. तो वास हवा होता मला. वहिनीनं पाहिलं आणि घरातून मूठभर आठळ्या आणून दिल्या. मग मोजणीत आपल्या शेतापुढं मीच लिहिलं, राब भाजला. साहेब विचारणारच, करून दाखवायच्या शेतात धूर कसा? आईची आठवण आली, हे लिहायला तिथं जागा नाही. म्हणून इथं लिहिलं, पाठवायचं तरी कुठं?