या आठवड्याचा जिना तुमचा

प्रिय इशबेल,

माझ्यासाठी तयार केलेल्या खोलीचा फोटो मिळाला. भिंतींना पिवळा रंग दिलास, खिडकीशी खुर्ची ठेवलीस, अगदी माझ्या मनासारखं केलंस. टोरंटोच्या त्या इमारतीत लिफ्ट आहे, जिना पुसायला पगारी माणूस आहे, हेही फोनवर तिसऱ्यांदा सांगितलंस. कळलं हो, बाई. तुझ्या आईचा गुडघा गेलाय, कान शाबूत आहेत.

ग्लासगो आहे तसंच आहे. पाऊस धड पडत नाही आणि थांबतही नाही. काल बसमधून पाहिलं, चौकातल्या घोड्यावरच्या ड्यूकसाहेबांच्या पुतळ्याच्या डोक्यावर कुणीतरी रस्त्यावरचा नारिंगी शंकू पुन्हा टोपीसारखा चढवलाय. महापालिकेनं काढायचा आणि लोकांनी घालायचा, हे तुझ्या लहानपणापासून चाललंय. शेजारची अनोळखी बाई म्हणाली, "बरं झालं, बिचाऱ्याचं टक्कल भिजत होतं." मग उतरेपर्यंत तिनं मला आपल्या सुनेचं सगळं रामायण ऐकवलं. आपल्या गावात संग्रहालयं फुकट आणि गप्पाही फुकट. तुझ्या तिथे बसमध्ये कुणी बोलतं का गं?

आता खरं सांगते. नाताळात तू विचारलंस आणि मी एका शब्दावर 'येते' म्हणाले, घर विकायलाही तयार झाले. तुला वाटलं, गुडघ्याच्या ऑपरेशननं आई खचली. ते नव्हतं. कारण होती ती पाटी. आठवते ना? पुठ्ठ्याची, दोरीला लटकणारी, 'या आठवड्याचा जिना तुमचा' लिहिलेली. आपल्या आठवड्याचा जिना धुऊन झाला की शेजाऱ्याच्या दाराच्या मुठीला अडकवायची, एक शब्द न बोलता. तुझी आजी म्हणायची, एक वेळ दारुड्याच्या घरी मुलगी द्यावी, पण पाटी चुकवणाऱ्याच्या घरी देऊ नये. ऑपरेशननंतर ती पाटी माझ्या दारावर यायचीच बंद झाली. आधी वाटलं, चुकून राहिली असेल. मग महिने गेले, आणि मनानं घेतलं की या लोकांनी मला मोडीत काढलं. सबंध हिवाळा कुढत काढला, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. जन्मभर घासलेल्या जिन्यावर आपलं काही कामच उरलं नसेल, तर तिथे राहायचं तरी कशाला?

गेल्या शनिवारी दाराबाहेर बादली वाजली. दार उघडते तो काय, समोरची नसरीन बाह्या सरसावून पायऱ्या घासतेय. मी म्हटलं, "अगं, तुझा आठवडा तर कधीच झाला!" ती ओशाळली. म्हणाली, "सेंगामावशी, हा तुमचा आठवडा आहे. एकदा खालचे ह्यूईकाका करतात, एकदा मी. पाटी तुमच्या दाराला लावली असती, तर तुम्ही काठी टेकत बादली घेऊन आला असता." म्हणजे माझा आठवडा कुणी काढून घेतलाच नव्हता. पाटी तेवढी नसरीनच्या स्वयंपाकघरात लपत होती, आणि मी इकडे या माणसांवर रुसून बसले होते! मला रडू आलं आणि रागही आला, आणि तुला ठाऊक आहे, माझ्यात राग आधी बाहेर पडतो. मी ओरडले, "मी काय मेले का?" तळमजल्यावरून ह्यूईचं उत्तर आलं, "मेली असतीस तर फुलं आणली असती, बादली नाही!"

मग मी पाटी मागून घेतली आणि माझ्या दाराला अडकवली. बसल्या बसल्या, एकेक पायरी खाली सरकत, जिना धुतला. नसरीन पाणी बदलत होती. ह्यूई खाली खुर्ची टाकून, "म्हातारे, कोपरा राहिला!" करत मुकादमी करत होता. शेवटी पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या खडूनं तुझ्या आजीची वेलबुट्टी काढली. आता ती माझ्याशिवाय कुणालाच येत नाही. नसरीन म्हणाली, पुढच्या वेळी मला शिकवा. रात्री गुडघा चांगलाच ठणकला, पण सूप पिऊन मी मेल्यासारखी झोपले.

इशबेल, म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेले असते, तर तू रडली असतीस आणि मी विरघळून पुन्हा 'येते' म्हणाले असते. घर मी विकत नाही. तुला वाईट वाटेल हे मला कळतं, आणि त्याचं मलाही वाईट वाटतंय. खोली पिवळीच राहू दे. उन्हाळ्यात मी येईन, त्या खुर्चीत बसेन, तुझ्या हातचं जेवेन. तू काढलेलं माझं तिकीट रद्द करू नकोस, फक्त त्याला परतीचं जोड, आणि तेही महिन्याच्या आतलं काढ. पाटी चार घरं फिरून महिन्यानं माझ्या दारावर येते, आणि तो आठवडा माझा आहे.

अजून ओल्या हातांची,
तुझीच आई