यादीतलं सातवं नाव

प्रिय मुंगे,

परवा फोनवर तू रडली नाहीस, त्याचाच मला जास्त राग आला. रडली असतीस तर मी समजूत तरी घातली असती. तू आपली बातम्या वाचाव्यात तशा आवाजात सांगत होतीस, की बोगद्याच्या आतलं काम सांभाळणाऱ्यांच्या कच्च्या यादीत सात नावं होती, पक्क्या यादीत सहा आहेत आणि गाळलेलं नाव तुझं आहे. दुसऱ्या पाळीची प्रमुख तूच होणार हे सगळे धरून चालले होते. त्या बोगद्यात आजवर एकाही बाईने पाळी सांभाळलेली नाही. आता म्हणे तू ऑफिसात बसून 'समन्वय' बघायचा. समन्वय! तीस वर्षं इंजिनियरची नोकरी केली आहे मी, त्या शब्दाचा अर्थ मला कोणी सांगायला नको. पाहुणे आले की त्यांना हेल्मेटं वाटायची, नकाशासमोर उभं राहून हसायचं आणि ते गेले की हेल्मेटं पुसून कपाटात ठेवायची. फोन ठेवला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तुझे बाबा काही विचारायला आले, ते माझा चेहरा बघून आल्या पावली परत गेले.

आणि या तुमच्या ऑफिसच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर फोटो कोणाचा, तर तुझा! पिवळं हेल्मेट, चिखलाने भरलेले बूट, हातात वही. आमच्याकडे बघा कशा मुली पुढे येताहेत, हे दाखवायला तू चालतेस. काम द्यायची वेळ आली की मात्र 'तुमच्या काळजीपोटी' असा निर्णय घ्यावा लागतो. मला या काळजीची चीड आहे. उरलेल्या सहा जणांची काळजी नाही का कोणाला? छतातून दगड सुटतो तेव्हा तो खाली बाई आहे की पुरुष हे विचारून सुटतो का? अपमान केला तर माणूस निदान उलटून बोलू शकतो. काळजी केली की वर आभारही मानायला लागतात.

तुझा तिथला पहिला आठवडा मला अजून पाठ आहे. तू आत पाऊल टाकलंस आणि म्हाताऱ्या मुकादमाने यंत्र बंद करून माणसं बाहेर काढली. बाई आत आली की डोंगर कोपतो, म्हणे. तू भांडली नाहीस. बाहेर दगडावर बसून डबा खाल्लास आणि ते जेवायला बसल्यावर आत जाऊन आपली मापं घेऊन आलीस. भिंतींना ठोकलेले ते छोटे आरसे, त्यांच्यावरून रोज मोजायचं की भिंत केसाएवढी तरी आत सरकली आहे का. लहानपणी अंगणात मुंग्यांच्या बिळासमोर तासन्‌तास पालथी पडून असायचीस, म्हणून हे नाव पडलं तुझं. तोच चिकटपणा. अकरा आठवड्यांनी तोच मुकादम माणसांना आत सोडायच्या आधी विचारायला लागला, "ताईंनी भिंती वाचल्या का? नाही? मग थांबा सगळे." हे तू मला हसत हसत सांगितलंस, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

परवाच्या फोनमधलं एक वाक्य मात्र माझ्या घशात अडकून बसलं आहे. यादी तुमच्या चीफ मॅडमनी बदलली, आणि ऑफिसातले लोक हसून म्हणाले की शेवटी बाईच बाईची वैरी. तूही म्हणालीस, "आई, तीही तसलीच निघाली." मुंगे, एखादा साहेब असं वागला तर तो एकटा वाईट ठरतो, आणि बाई वागली की लगेच जगातल्या सगळ्या बायका आरोपीच्या पिंजऱ्यात. या म्हणीचा मला लहानपणापासून संताप आहे. तुमची मॅडम तसली नाही. वसतिगृहात चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. वर्गात दोघीच मुली होतो. मोजणीचं ते जड तीन पायांचं तिकाटणं एकीने उचलायचं आणि दुर्बीण दुसरीने, कारण मुलांची मदत घेतली असती तर 'मुलींना झेपत नाही' असं ऐकावं लागलं असतं. पहिल्या नोकरीत तिच्या साइटवर बायकांसाठी संडास नव्हता, म्हणून ती सकाळी सात ते संध्याकाळी सहा पाण्याचा घोट घ्यायची नाही. मूत्रपिंडाच्या दुखण्याने दवाखान्यात पडली, आणि तिथून उठून पहिला अर्ज संडासासाठी लिहिला. तुमच्या बोगद्याच्या तोंडाशी ती जी कुलूप लावलेली पत्र्याची खोली आहे ना, ती तिच्या हट्टाने उभी राहिली आहे. आमची ओळख आहे एवढंच तुला ठाऊक, कारण नोकरीला लागलीस त्या दिवशी तू मला शपथ घातलीस की मी तिचा विषय काढायचा नाही आणि तिला कधी फोन करायचा नाही. तुला ओळखीवर काही नको होतं. मला किती अभिमान वाटला होता तुझा!

आता खविसाची गोष्ट. माझा पहिला साहेब. आपल्या घरात कपाची कडा उडाली तरी आपण 'खविसाची कृपा' म्हणत आलो. ज्याने मला पुलाच्या कामावरून उचलून ड्रॉइंगच्या खोलीत नेऊन टाकलं, तो हा खविस. नदीच्या पात्रात पुलाच्या पायासाठी विहीर उतरवत होतो आम्ही. लोखंडी बादलीत उभं राहून खाली जायचं आणि तळाचा खडक हाताने चाचपून बघायचा. मला ते काम इतकं आवडायचं की सुट्टीच्या दिवशी करमायचं नाही. सहा महिन्यांत ते संपलं. पुढची एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांनी बांधायच्या पुलांच्या रेषा सरळ करत बसले. बढतीच्या प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न, साइटचा अनुभव किती? सहा महिने. बरं, या तुम्ही. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं माझी साहेब झाली, आणि मी प्रत्येक वेळी मनातल्या मनात खविसाच्या नावाने बोटं मोडली.

तुला यापुढचं मी कधी सांगितलं नाही. खविसाच्या निवृत्तीच्या समारंभाला मी मुद्दाम गेले होते, म्हातारा झालेला बघायला. तर तोच उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुमचा हात खडकाला लागला की मी निश्चिंत असायचो. पण तुमच्या वडिलांचा शब्द मोडवला नाही हो." आजोबा गेले होते त्याच्याकडे. मी घरी विसरलेला चष्मा द्यायला ते साइटवर आले, आणि मी बादलीत उभी राहून खाली जाताना त्यांनी पाहिलं. मला काही बोलले नाहीत. चष्मा चौकीदाराकडे ठेवला आणि सरळ साहेबाच्या खोलीत जाऊन हात जोडले. तुला मांडीवर बसवून पाढे शिकवणारे, कधी आवाज न चढवणारे तुझे आजोबा. मला हे कळलं तेव्हा त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. इतकी वर्षं मी भलत्याच माणसाला शिव्या घातल्या, आणि ज्याच्याशी भांडायचं तो भिंतीवरच्या फोटोत हसत होता. त्या फोटोशी मी भांडून पाहिलं आहे. तो हसायचा काही थांबत नाही.

किती वेळ ताकाला जाऊन भांडं लपवणार मी! तीन आठवड्यांपूर्वी तू आतून फोटो पाठवलास. दात काढून हसते आहेस, नाकाला चिखल लागला आहे. दुसरी आई असती तर तिने तेवढंच पाहिलं असतं. मी मात्र फोटो मोठा केला. तुझ्या डाव्या खांद्यामागे भिंत ओली होती आणि त्या ओलीतून एक बारीक तिरकी चीर वर गेली होती. मी शपथ मोडली आणि तिला फोन केला. काय म्हणाले असेन? 'अगं, तिथला खडक तपासून घे' म्हणाले? नाही. म्हणाले, "माझी एकुलती एक आहे गं, तिला तेवढी बाहेर काढ." नियम सांगून बघितले तिने. मग मी रडले, आणि आमच्या चार वर्षांच्या खोलीची आठवण काढली. तुझं सातवं नाव माझ्या रडण्याने गेलं, मुंगे. वर परवा फोनवर तुझ्याबरोबर मीच ऑफिसला शिव्या देत होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

काल मी तिला पुन्हा फोन केला. तिने मला चांगलीच फैलावर घेतलं. ती म्हणाली, ती चीर तू फोटो पाठवायच्या दोन दिवस आधीच मोजून वहीत लिहिली होतीस, मुकादमाला घेऊन काम थांबवलं होतंस आणि खडकात जादा सळ्या ठोकून घेतल्या होत्यास. त्या भिंती सगळ्यांत बारकाईने वाचणाऱ्या माणसालाच आम्ही दोघी मिळून बाहेर काढत होतो. आणि खडक खरंच वाईट असता, तर? त्या सहा जणांना आया नाहीत का? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! तीस वर्षं इंजिनियर म्हणून सह्या केलेली बाई चीर बघते आणि खडकाबद्दल अवाक्षर न बोलता फक्त आपली पोर मागून घेते. आजोबांना निदान खडकातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि तरी मी तेच केलं. माझा संताप संताप होतो आहे माझ्यावर.

यादीवर सोमवारी सही होणार आहे. नाव परत घालायला ती तयार आहे, पण या वेळी तुला विचारल्याशिवाय नाही. तुझ्यामागे एकदा ठरलं, दुसऱ्यांदा नको, असं तिचं म्हणणं आहे. मी काय केलं ते मी तिला सहीनिशी लिहून दिलं आहे आणि त्याची प्रत सोबत जोडली आहे. ऑफिसात कोणी पुन्हा ती वैरीवाली म्हण काढली, तर ती प्रत त्याच्यासमोर ठेव. माझी लाज राखू नकोस. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी रडले असते आणि तू मला माफ करून टाकलं असतंस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. मला आत्ता माफी नको आहे. म्हणून बाबांच्या हाती पत्र पाठवते आहे. आधी तिला फोन कर आणि तुझ्या तोंडाने सांग, पाळी घेणार की नाही. मग रविवारी घरी ये आणि माझ्याशी भांड. मोठ्याने भांड, दार आपट, जे तोंडाला येईल ते बोल. माझं आजोबांशी भांडायचं राहून गेलं. मी अजून आहे.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझीच आई