डावा आरसा

६ जानेवारी
निर्णय पक्का. बाबांची जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. मागच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं धूळ खात पडली आहे. २० एप्रिलला बाबांचा वाढदिवस. त्या दिवशी त्यांना पुढच्या सीटवर बसवून तलावापर्यंत एक फेरी. अर्धांगाच्या झटक्यात बाबांची वाचा गेली, उजवी बाजू गेली, कानांनी तर आधीच राजीनामा दिला होता. अशा माणसाला जगायला काहीतरी कारण लागतं. ते कारण मी देणार.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बघा.

८ जानेवारी
शेडमध्ये उजेडाचं नाव नाही. अंधारात इंजिन उघडलं तर कुठला नट कुठला, कळायचं नाही. चार जणांना बोलावून गाडी ढकलत पुढे आणली. पुढच्या खोलीची खिडकी आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधे ती अगदी बेताची बसली. खिडकीला लागूनच बाबांची खाट, म्हणजे कामाची प्रगती त्यांना पडल्या पडल्या दिसणार. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.
खोलीत अंधार झाला, असं बायकोचं म्हणणं. आठवड्याचा तर प्रश्न आहे, म्हटलं. ट्यूबलाइट लावून दिली.

११ जानेवारी
बाबा सकाळी आणि संध्याकाळी डावा हात वर करतात, खिडकीच्या दिशेने. घरात कुणाला अर्थ लागेना. मला लगेच लागला. गाडीचं विचारतात. कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, कार्बोरेटर साफ झाला. त्यांनी डोळे मिटून घेतले. किती दिवसांनी समाधान दिसलं चेहऱ्यावर!

१९ जानेवारी
मेकॅनिक आला. ब्रेकचे सिलिंडर चारही गेलेत, म्हणाला. चाकं काढून, गाडी विटांवर चढवून, चाकं आणि ड्रम रिक्षात घालून घेऊन गेला. ही गाडी बनवणारी कंपनी बंद पडूनच जमाना झाला, तेव्हा पार्ट शोधावे लागतील, थोडा दम धरा, असंही म्हणाला. माणूस बोलायला फार गोड आहे. दम धरणं हा माझा स्वभावच आहे.

२ फेब्रुवारी
वॉटर पंपासाठी जुना बाजार पालथा घातला. एका भंगारवाल्याकडे अशी अख्खी गाडी होती म्हणे, पण मागच्याच वर्षी त्याने ती किलोवर काढली. त्याच्याकडे त्या गाडीचा ॲशट्रे तेवढा उरला होता, तो घेतला. बाबांनी जन्मात सिगारेट ओढली नाही, पण अस्सल ते अस्सल.

९ फेब्रुवारी
जुन्या गाड्यांच्या मालकांचा एक ग्रुप सापडला. 'वॉटर पंप हवा आहे' असं टाकलं. पाच मिनिटांत ढीगभर उत्तरं. सगळ्यांचं एकच: मलाही हवा आहे. एकटेपणा तरी गेला.

१४ फेब्रुवारी
घरात कटकट. समोरच्या दुकानातल्या घड्याळवाल्या काकांनी बायकोला विचारलं, म्हातारा हात का करत नाही. या दोघांची जुनी रीत आहे. काका सकाळी शटर उघडलं की इकडे हात करायचे, बाबा खिडकीतून हात करायचे. संध्याकाळी शटर ओढताना पुन्हा तेच. बोलणं काही नाही. काकांचे गुडघे गेले तेव्हापासून त्यांना रस्ता ओलांडवत नाही, मग एवढंच उरलं. म्हातारपणी माणसं अशा बारीकसारीक गोष्टी धरून बसतात.
रात्री जेवताना बायको म्हणाली, "त्यांना गाडी नकोय. त्यांना खिडकी हवीय."
बायकांना यंत्रांतलं कळत नाही. तरी मी हट्टी माणूस नाही. तिच्या म्हणण्याचा विचार करायचं ठरवलं.

१६ फेब्रुवारी
तोड सापडली, आणि तीही घरच्या घरी. गाडीचा डावा आरसा काढला आणि खिडकीच्या बाहेरच्या गजाला क्लॅम्पने बसवला. अर्धी दुपार कोन जुळवण्यात गेली. आता खाटेवरून बाबांना आरशात थेट इंजिन दिसतं. इतके दिवस बिचाऱ्यांना नुसता मागचा दरवाजा दिसत होता. गाडीचा कामाला लागलेला हा पहिला पार्ट.
बायको बघत उभी होती. तिने कपाळाला हात लावला. तिलाही कौतुक वाटलं असावं, पण तोंडाने बोलायची सवय नाही.

१८ फेब्रुवारी
आरसा हलला होता. फाटकाकडे वळला होता. वारा. नीट केला, स्क्रू आवळला.

१९ फेब्रुवारी
पुन्हा हलला. पुन्हा फाटकाकडेच. आपल्याकडचा वारा भलताच एकमार्गी. आवळला.

२३ फेब्रुवारी
रोजची डोकेदुखी. मी जेवायला आत गेलो की आरसा फिरलाच. बायको म्हणाली, वारा बरा तुमच्या जेवणाच्या वेळा पाळतो. खवचटपणा तिच्या माहेरून आला आहे.
बाबांच्या डाव्या हाताची बोटं खरचटलेली दिसली, गंज लागल्यासारखा रंगही होता. बाबांचं करायला येणाऱ्या नर्सबाईंना खडसावलं, नखं वेळेवर कापत जा. त्या काहीतरी सांगणार होत्या, पण मला कॉइल बघायची होती.

६ मार्च
वॉटर पंप आला! कुरिअरवाल्याला मिठी मारायची तेवढी राहिली. उघडून बघतो तो पुढच्या मॉडेलचा. तीन भोकं जुळतात, चौथं नाही. चौथं आपण पाडू, त्यात काय मोठंसं.

७ मार्च
भोक पाडताना पंप तडकला. हल्लीचा धातूच हलका. (पंप जुना आहे, पण तेव्हाच्या हल्लीचा.)

२१ मार्च
ताई आली. मोठी बहीण, म्हणजे आल्या आल्या भाषण. बाबांनी झटका यायच्या आधी स्वतःच भंगारवाल्याला फोन केला होता आणि तू त्याला फाटकातून परत पाठवलंस, असं तिने काढलं. खरं आहे. पण बाबा मनातून तयार नव्हते, हे मुलगाच ओळखू शकतो. मग तासभर त्यांच्याजवळ बसून रडली. ट्यूबलाइट बंद केली तर भर दुपारी त्यांचा चेहरा दिसत नाही, म्हणाली. मग बंद करायचीच कशाला?
ताई पहिल्यापासून हळवी.

१२ एप्रिल
मेकॅनिकचा फोन लागत नाही. कामात असेल.

१७ एप्रिल
गॅरेजवर गेलो. कुलूप. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, तो गाव सोडून गेला, कुठे ते माहीत नाही. माझी चाकं? तो म्हणाला, चाकं बरोबर घेऊनच माणूस जातो. हसला वर.
चाकं काय, मिळतील. मुख्य गोष्ट इंजिन आहे.

२० एप्रिल
बाबांचा वाढदिवस. फेरी थोडी पुढे ढकलली. निदान त्यांना गाडीत बसवावं म्हणून मी आणि नर्सबाईंनी उचलायची तयारी केली, पण भिंतीमुळे गाडीचं दार वीतभरच उघडतं. शेवटी बॅटरी लावून हॉर्न वाजवून दाखवला. काय खणखणीत आवाज! बाबांना ऐकू आला नाही, पण रस्त्यापलीकडे घड्याळवाले काका काठी टेकत दुकानाबाहेर आले आणि इकडे बघत उभे राहिले.
तेवढ्यात बाबांनी गजांतून हात बाहेर काढला आणि गाडीच्या टपाच्याही वर धरला. काकांनी पण हात केला. किती वेळ दोघं तसेच. आरसा तेव्हा फाटकाकडे फिरलेला होता, नाहीतर बाबांना इंजिन दिसलं असतं आणि हात नीट त्या दिशेला गेला असता. वाढदिवसाच्या दिवशीही वाऱ्याने डाव साधला.

२३ एप्रिल
ही आरशाची भानगड एकदाची मिटवायची. इंजिन सुरू होण्याचा क्षण बाबांच्या नजरेतून सुटता कामा नये. लोखंड चिकटवायचं मिश्रण आणलं, दोन ट्यूबांतलं, दगडासारखं घट्ट होणारं. सांध्यात भरलं, क्लॅम्पभोवती लिंपलं. बायको म्हणाली, नका करू हे. कारण विचारलं. मग म्हणाली, तुम्हाला सांगून उपयोग नाही, आणि आत गेली. वाळायला एक दिवस लागतो.

२ मे
हातच्या कांकणाला आरसा कशाला? आठवडा झाला, आरसा तसूभर हललेला नाही. वारा सपशेल हरला.
आणि मुख्य म्हणजे बाबांचं हात वर करणं थांबलं. पहिले दोन-तीन दिवस हात आरशापर्यंत नेत होते, आता तेही नाही. सगळं मनासारखं दिसतंय म्हटल्यावर माणूस विचारणार तरी काय?

१५ मे
बाबा शांत असतात. मान भिंतीकडे. जेवण कमी झालंय, दोन घास घेतले की ओठ मिटतात. उकाडा फार आहे.

२९ मे
डॉक्टर येऊन गेले. तब्येतीत तसं नवीन काही नाही, पण मन उभारी धरत नाही, म्हणाले. काही आवडीचं दाखवा, बोला. तेच तर करतोय. डॉक्टरांना बॉनेट उघडून दाखवलं. त्यांना दुसरीकडे जायचं होतं.

३ जून
सुरू झालं! इंजिन सुरू झालं! वॉटर पंप नाही, त्यामुळे मिनिटभरच चालवलं, पण सुरू झालं. मी ओरडत होतो, आरशात बघा, बाबा, आरशात. धूर जरा जास्त होता, तो सगळा खिडकीतून आत गेला. बायकोने येऊन खिडकी धाडकन लावली. बाबा खोकत होते आणि मान भिंतीकडेच होती. बघायचं राहून गेलं.
पुन्हा दाखवू. एकदा सुरू झालेलं इंजिन पुन्हा होतंच.

११ जून
सकाळी बाबांचा श्वास अडकला. ॲम्ब्युलन्स आली, पण गाडी आणि भिंत यांच्या मधून स्ट्रेचर येईना. त्यातला एक जण म्हणाला, गाडी पुढे घ्या. चाकं नाहीत, म्हणून सांगितलं. मग बाबांना चादरीत घालून स्वयंपाकघरातून, मागच्या दाराने, शेडला वळसा घालून नेलं. वेळ गेला.
शेड रिकामी बघून कसंतरी वाटलं.

१४ जून
बाबा गेले.

१७ जून
लोक येऊन गेले. दुपारी घड्याळवाले काका आले. दोघांनी धरून त्यांना रस्ता ओलांडून आणलं होतं. गाडीपाशी थांबले. काठी घेऊन त्या फटीतून आत येणं त्यांना जमेना, म्हणून मीच बाहेर गेलो. बॉनेटवर हात ठेवून उभे होते. मला वाटलं, गाडी बघताहेत. वॉटर पंपाचं सांगायला लागलो. काकांनी मधेच विचारलं.
"शेवटी शेवटी हात करेनासा झाला रे. माझं काही चुकलं होतं का?"
नाही, काका, म्हटलं. बाबा शेवटी समाधानी होते. त्यांनी मान हलवली. पटलं असावं. जाताना आरशाकडे बघत होते. आरसा इथून कसा दिसतो, हे मला कधी सुचलं नव्हतं. बाहेरून त्यात नुसतं आकाश दिसतं.

१ जुलै
बायको आजकाल कामापुरतं बोलते. नळ दुरुस्त केला. तरी बोलली नाही.

५ जुलै
ग्रुपवर अखेर दैव उघडलं! एका गृहस्थाकडे वॉटर पंप आहे, अस्सल, याच मॉडेलचा, डब्यातून न काढलेला. पैसे नकोत. बदल्यात त्याला डावा आरसा हवा. म्हणतो, उजवे मिळतात, डावा कुठेही मिळत नाही, वर्षानुवर्षं शोधतोय. माझ्याकडे आहे, लगेच कळवलं. त्याने हात जोडल्याची चित्रं पाठवली.
उद्या सकाळी काढतो. पंप बसला की निम्मं काम संपलं. मग चाकं.

६ जुलै
आरसा काढायला गेलो. बाहेरून हात पोचत नाही, गाडी खिडकीला फार जवळ आहे. खोलीतून उभ्यानेही जमत नाही, गजांचा कोन आड येतो. बाबांच्या खाटेवर आडवं झालं आणि डावा हात गजांतून बाहेर घातला की बरोबर पोचतो.
गादी काढून ठेवलेली आहे. नुसत्या पट्ट्यांवर पडलो. ट्यूबलाइट लावली नव्हती. समोर गाडीचा मागचा दरवाजा, दुसरं काही नाही. आरशात इंजिन मात्र अगदी स्पष्ट दिसतं. पंपाच्या जागचं भोकसुद्धा.
स्क्रू फिरेना. पकड लावली, घसरली. मग नुसत्या हाताने फाटकाकडे वळवून बघितला. जोर लावला तशी बोटं क्लॅम्पवर घासून सोलली गेली. बाबांची जिथे खरचटायची तिथेच. बोटांना गंज लागला. आरसा हलला नाही. मीच भरलं होतं ते, पक्कं भरलं होतं.
समोर शटर वर गेल्याचा आवाज आला. खाटेवरून दिसत नाही. हात बाहेरच होता, तो थोडा वेळ तसाच वर धरला.
पंपवाल्याला कळवलं, आरसा निघत नाही.