देवाप्पाला सोडणार नाही

४ जून १९६२, सकाळ
नवी वही. आजपासून रोज लिहिणार. विषय एकच: देवाप्पा. त्याला सोडणार नाही.
अपघाताला तीन महिने झाले. सर्जापूर रोडच्या पुढे तळं आहे, मार्चमध्ये कोरडं ठणठणीत. मैलभर मोकळं, ना झाड ना गाय. तिथे आमच्या सर्व्हे खात्याच्या दोनच जीप, आणि त्या दोन एकमेकींवर आदळल्या! एकीत मी, ड्रायव्हर नागनाथच्या शेजारी. दुसरी देवाप्पा चालवत होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही. माझा डावा खांदा निखळला.
डॉक्टर म्हणतात, खांदा पूर्वीसारखा होईलच असं नाही. त्यांना काय कळतंय! दिवाळीपर्यंत फील्डवर.

११ जून
रोज लिहायचं राहिलं. डाव्या बोटांना मुंग्या येतात. लिहितो उजव्याने, पण मूड जातो.
सुलभाचं टुमणं, व्यायाम करा. नवरा दुखण्यात असताना बायकांना शिकवणी सुचते. दाराला दोरी-कप्पी बांधून घेतली. सोमवारपासून सुरू.

२ जुलै
कप्पीच्या दोरीवर सुलभा टॉवेल वाळत घालते. माझी हरकत नाही. सोमवारपर्यंत.
तक्रार-अर्ज लिहायला घेतला. मागणी: देवाप्पाला बडतर्फ करा. नऊ पानं झाली. या माणसाला वर काढला कोणी? मी! अकरा वर्षं माझ्यासमोर निशाणाची काठी धरून उभा असायचा. मी दुर्बिणीतून बघून हात करायचो, तो त्या बाजूला सरकायचा. ओरडावं लागायचं नाही. ड्रायव्हरच्या जागेसाठी शिफारसही माझीच. कृतघ्न मेला.

१९ ऑगस्ट
पुरावा सापडला! त्या दिवशी मी नागनाथला म्हणालो, डावीकडे घे. समोरून देवाप्पा येत होता. त्याला कळावं म्हणून मी डावा हात बाहेर काढून दाखवला, आम्ही इकडे वळतोय. पूर्ण हात, ताठ, झपकन. आणि हा गाढव नेमका त्याच बाजूला आला! बघून आला! दहावं पान, लाल शाई.
सुलभाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, तो काठी घेऊन उभा असताना तुम्ही असाच हात केला तर तो काय करायचा? म्हटलं, त्याचा इथे काय संबंध. तिला सर्व्हेमधलं कळत नाही.

८ ऑक्टोबर
देवाप्पा राजाजीनगरच्या घरी आला. पेरू घेऊन. विचारतो, साहेब, अजून दुखतंय का स्वल्प? स्वल्प! दारातूनच परत पाठवला. पेरू ठेवून घेतले, लाच म्हणून दाखवता येतील. गोड निघाले.
गारठा पडला की खांदा ठणकतो. शर्ट सुलभा चढवते. माझा वेळ वाचावा म्हणून.

१४ डिसेंबर
मेडिकल झाली. फील्डसाठी फिट!! डॉक्टर म्हणाले, हात वर करा. केला, उजवा. दुसरा म्हणाले तेव्हा मला खोकला आला, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सही झाली. फेब्रुवारीत कॅम्प, थिओडोलाइट माझ्याकडे. त्या दुर्बिणीला डोळा लावला की मी कोणाचा बाप नाही, कोणाचा नवरा नाही. नऊ महिने तेवढ्यासाठी काढले.
सुलभा म्हणाली, आता अर्ज मागे घ्या नि सुखाने जा. मागे? आधी त्याची नोकरी घालवणार, मग जाणार.

१७ जानेवारी १९६३
उद्या चौकशी. आमचे मोठे साहेब टाळत होते, मीच हट्टाने लावून घेतली. अधिकारी हयवदन राव, जुने सर्व्हेयर. अर्ज तोंडपाठ आहे. देवाप्पा रडेल. रडू देणार, मध्ये बोलणार नाही.

१८ जानेवारी, दुपार
हयवदन राव म्हणाले, हात कसा केला होता, जरा करून दाखवा.
हात छातीपर्यंतसुद्धा गेला नाही. म्हणाले, पुन्हा. पुन्हा तेवढाच. खोकून पाहिलं. या खेपेला फोन वाजला नाही.
देवाप्पा उठला. म्हणाला, साहेबांना त्रास नको, मी दाखवतो. दाखवला. ताठ, झपकन, हुबेहूब माझा. समोर भिंतीशी विठोजी शिपाई उभा होता, तोही मूळचा काठी धरणारा. तो मुकाट्याने त्या बाजूला दोन पावलं सरकला.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
देवाप्पा म्हणाला, साहेबांनी सरक म्हटलं, मी सरकलो. दुसरं काय करणार?
हयवदन रावांनी दोनच ओळी लिहिल्या. देवाप्पाचा दोष नाही. अर्जदाराची मेडिकल पुन्हा घ्यावी.

२ फेब्रुवारी
अनफिट. कायमचं टेबल. थिओडोलाइट दुसऱ्याला दिलं.
आज कॅम्प निघाला. निघण्याआधी देवाप्पा माझ्या टेबलाशी आला. विचारलं, साहेब, फील्डवरून काय आणू? वर्षभर याच्यासाठी शिव्या जमवल्या होत्या, एक आठवेना. म्हटलं, काही नको. मग म्हटलं, सावकाश चालव. तो त्याच्या कानडीत सरी, म्हणजे बरं, म्हणाला आणि गेला.
चूक माझी होती. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहिलं.