दीड हात मोठा बॉक्स

बाबा, मी परत सांगतो, तिसरा गोल गोलकीपरचा नव्हता. बॅकचे दोघे तू घे, मी घेतो करत एकमेकांकडे बघत राहिले आणि चेंडू मधून गेला. तुम्ही फोनवर गोलकीपरला शिव्या घालता आणि मी इथे ऐकून घेतो. सहा-शून्य झाल्यावर तिसरा कोणामुळे आणि चौथा कोणामुळे याला तसा अर्थ उरत नाही. तरी सांगितले.

असो. हे मृत्युपत्र आहे, तेव्हा रीतीने लिहितो.

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, शिक्षण सातवी आणि आठवीचा थोडा भाग, काम तेलाच्या टाक्यांना बाहेरून रंग देणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मी प्यालेलो नाही आणि कोणी माझा हात धरून हे लिहून घेत नाही. कंपनीच्या क्लार्कने मागच्या आठवड्यात सगळ्यांना एकेक फॉर्म दिला, कारण आमच्यातला एक रंगारी सात नंबरच्या टाकीवरून पडून गेला. फॉर्मवर वारसासाठी एक ओळ आहे. माझे एका ओळीत बसेना म्हणून वेगळे कागद घेतले. तो पडला तेव्हा मी शेजारच्या दोरावर होतो. संध्याकाळी खोलीवर आलो, बूट काढले आणि आधी आपल्या क्लबचा स्कोअर बघितला. चार-शून्य. मला दोन्हींचे काही वाटले नाही. हे बरोबर नाही एवढे कळते.

कलम एक. घरातला माझा हिस्सा ताईला. तिला शिलाई मशीन पुढच्या खोलीत खिडकीपाशी हवे आहे आणि बाबांनी ती भिंत क्लबच्या फोटोंनी अडवली आहे. माझा हिस्सा म्हणजे पुढची खोली असे धरावे. मशीन पुढे, फोटो मागे.

कलम दोन. बँकेत जे निघेल ते निम्मे बाबांना, निम्मे ताईला. बाबांनी आपल्या निम्म्यातून नव्या स्टँडसाठी देणगी देऊ नये. स्टँड होणार नाही. मागच्या देणगीतून कमिटीवाल्यांनी स्वतःला कोट शिवले, तेही ताईकडे नाही, बाहेर.

कलम तीन. माझे तीन ब्रश इथल्या मेसच्या आचाऱ्याला. पट्टा आणि हेल्मेट कंपनीचे आहे, ते कंपनी घेईलच.

कलम चार. आतेभावाने दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या क्लबचा शर्ट घातला आणि वर म्हणाला की त्याला जिंकणारे लोक बघायला आवडतात. त्याला माझ्याकडून काही मिळू नये. सायकलचा पंपसुद्धा नाही. सायकल ताईला.

कलम पाच. माझी सीझनची जागा, कोपऱ्याच्या झेंड्यामागची, पहिली रांग, ही फक्कीकाकांना. त्यांना कमिटीने फाटकाच्या आत यायची बंदी केली आहे, हे मला माहीत आहे. म्हणून पुढचे नीट वाचावे.

ताई, तुला फुटबॉलचे काही ठाऊक नाही, तेव्हा तुझ्यासाठी सविस्तर लिहितो. फक्कीकाका मैदान राखायचे. सामन्याच्या सकाळी सगळ्या पांढऱ्या रेघा त्यांच्या हातच्या. गुडघा गेल्यावर दोन वर्षे ते खुर्चीत बसून सांगायचे आणि फक्की, म्हणजे रेघांची पांढरी पूड, मी टाकायचो. मापाची दोरी होती, तिला गाठी होत्या, आणि बॉक्सच्या, म्हणजे ज्याच्या आत माणूस पाडला की पेनल्टी मिळते त्या गोलपुढच्या चौकोनाच्या, कोपऱ्यांवर जमिनीत लोखंडी खुंट्या पुरलेल्या होत्या. काकांचा एकच नियम होता. खुंटी हाताला लागल्याशिवाय फक्की टाकायची नाही.

गेल्या सीझनचा शेवटचा सामना. जिंकलो तर वरच्याच डिव्हिजनमध्ये राहणार, नाही तर खाली जाणार. त्या दिवशी काका दवाखान्यात सुई घ्यायला गेले होते, मी एकटा. एका बाजूचा बॉक्स झाला आणि दुसऱ्या बाजूला दोरी तुटली. मी ती बांधली. बांधण्यात दोरी कमी झाली म्हणून अंदाजाने थोडी वाढवली. तेवढ्यात टीमची बस आली आणि मला नवा स्ट्रायकर जवळून बघायचा होता. खुंट्या न बघता फक्की टाकली आणि पळालो. बॉक्स दीड हात मोठा झाला.

पुढचे बाबांना पाठ आहे. आपला माणूस रेघेच्या जेमतेम आत पडला, रेफ्रीने पेनल्टी दिली आणि आपण एक-शून्य जिंकलो. बाबा रडले. मीही रडलो, तेव्हा मला काही माहीत नव्हते. मग समोरच्यांनी मोजायची टेप मागवली आणि बॉक्स मोठा निघाला. निकाल बदलला नाही, पण क्लबला दंड झाला आणि पेपरात चोर म्हणून आले.

कमिटीने काकांना ऑफिसात बोलावले. मी दाराशी उभा होतो. ते म्हणाले, “मैदान माझं आहे. फक्की माझ्या हातची आहे.” त्यांना काढायच्या कागदावर कमिटीने सभासदांच्या सह्या घेतल्या, पहिली बाबांची. तीस वर्षे दोघे एका थर्मासमधला चहा प्यायले होते. बाबा त्यांना म्हणाले, “शेजारी बसून आम्हाला चोर करून ठेवलंस.” काका बाहेर आले, माझ्यापाशी थांबले. मला वाटले आता बोलतील. त्यांनी विचारले, “दोरी आत ठेवलीस ना?”

मी म्हटले, ठेवली.

पंधरा दिवसांनी मी नोकरीचा एजंट गाठला आणि इथे आलो. बाबांनी सगळ्यांना सांगितले, पोरगा कमवायला गेला.

आणि आपण वर राहून काय केले? यंदा एकवीस सामने, दोन बरोबरी, बाकी सगळे हरलो. खाली गेलो असतो तर आपल्यासारख्यांशी खेळलो असतो, दोन-चार जिंकलोही असतो. आता दर रविवारी बाबा फोन करतात, कोच बदला म्हणतात, गोलकीपर बदला म्हणतात, आणि मी हं हं करतो. पहिले दोन महिने झोप लागायची नाही. आता लागते.

तर लिहून देतो की ती रेघ माझी. काकांनी ती मोजली नाही, टाकली नाही, त्यांना ठाऊकही नव्हती. मुद्दाम केली नव्हती. पण गप्प मुद्दाम बसलो.

क्लार्क म्हणाला, मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. मी म्हटले, मग हे चालणार नाही. काका अडुसष्टचे, मी चोवीसचा. माझी वाट बघत बसले तर त्यांचे कसे व्हायचे? म्हणून हा कागद ताईने पाकीट मिळेल त्या रविवारी कमिटीपुढे मोठ्याने वाचावा. काकांना बोलवावे. त्यांना आत सोडत नसतील तर फाटकाबाहेर उभे राहून वाचावा. बाबांनी पुढे बसावे. नंतर माझ्याशी बोलायचे की नाही ते बाबांनी ठरवावे. स्कोअर मला इथेही कळतो.

साक्षीदार पहिला: वेल्डर, वरची खाट. याचे म्हणणे, “मरायच्या आधी एवढं लिहीत बसलास तर मरायला सवड कधी मिळायची?” तरी सही केली आहे.

साक्षीदार दुसरा: मेसचा आचारी. वाचता येत नाही, वाचून दाखवले, अंगठा दिला. ब्रश आत्ताच मागत होता.

सही: माझी.

ठिकाण: टाक्यांच्या आवारातली खोली, खालची खाट. दिनांक: दहा तारीख, पगाराचा दिवस.

सोबत ड्राफ्ट जोडला आहे. काकांचा गेलेला दहा महिन्यांचा पगार, महिना बेचाळीसशेप्रमाणे. ताईने तो त्यांच्या हातात द्यावा, कमिटीच्या नाही. एकूण ४२,०००, अक्षरी बेचाळीस हजार फक्त.