कोणी बघत नसताना

मी, कुलपे-चाव्या बनवणारा, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, शरीराने खंगलेला पण डोक्याने ठणठणीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. वकिलांनी मसुद्यात 'ईश्वराला स्मरून' असे घातले होते. ते मी खोडून बाजूला सही केली आहे. जे मानत नाही त्याच्या नावाने कागद सुरू करणे बरे नव्हे.

१. दुकान व खोल्या मुलाला. त्याने बोलणे टाकले असले तरी मुलगा तोच आहे.

२. कानशी, चिमटे आणि चावी कापायचे यंत्र शेजारच्या शिंप्यांच्या मुलीला. तिचा हात स्थिर आहे. दार उघडून दिले की घरमालक आत जाईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे, एवढे तिने पाळावे.

३. बँकेतली शिल्लक नातीला. शाळा सुटली की ती दुकानात येऊन बसायची. एकदा एका बाईंचे दार उघडायला तिला बरोबर नेले. मी पाठ फिरवताच तिने विचारले, "आजोबा, कोण बघतंय?"

"कोणी नाही."

"मग पाठ का केली?"

"घर आपलं नाही, म्हणून."

घरी तिने अर्धेच सांगितले: आजोबा म्हणतात, कोणी बघत नाही. मुलगा तडक दुकानात आला. "बाबा, तुम्ही देव मानू नका, तुमचं तुम्ही बघा. पण पोरीला वरच्याचा धाक नको का? उद्या ती कशाला भीक घालेल?"

"पुढचं वाक्य विचार की तिला."

त्याने विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पोरीच्या काळजीनेच तो तसे वागला, हे कळते. कळले म्हणून दुःख कमी होत नाही.

४. बायकोचा देवाचा फोटो थोरल्या ताईला. बायको गेल्यावरही तो मी रोज पुसला, कारण तिला धूळ खपत नसे. ताई म्हणते, "तू नको मानूस. तुझ्या वाटचं मी मानते." तिच्याशी कोण वाद घालणार?

५. माझ्या देहाचे मुलाने त्याच्या मनाप्रमाणे करावे. प्रार्थना म्हटल्या तरी माझी हरकत नाही.

६. गेल्या हिवाळ्यात नात तापाने फणफणली होती. ताईकडून कळताच मी मुलाच्या घरी गेलो. सून बाहेरून कुलूप लावून औषध आणायला उतरली होती. आतून नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही उघडा ना." कुलूप मीच बसवलेले, खिशात ते उघडायची तार. जिन्यात चिटपाखरू नव्हते.

"बाबांना विचारल्याशिवाय नको, बाळा," म्हणालो आणि उंबऱ्याशी बसून तिला गोष्ट सांगत राहिलो. सुनेची पावले वाजल्यावर उठलो. रस्त्यावर येऊन रडलो.

मुलाकडे मागणे एकच. मला नेण्याआधी नातीला माझ्याजवळ आणावे. दार त्याने स्वतः उघडावे.

हे सर्व वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

लिहून देणार: कुलूपवाला
साक्षीदार: शेजारचे शिंपी, थोरली ताई (देवाला स्मरून)
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: नातीचा वाढदिवस